उश्नुकोचाचा भोंगा

रुरीचाका, १९ जानेवारी

नेलिदा,

आधी आईचा आशीर्वाद घे, मग माझी कटकट ऐक. फोनवर बोललो असतो, पण रेंज यायला मला स्मशानाच्या टेकडीवर चढावं लागतं आणि तिथे आधीच चारजण कान टवकारून बसलेले असतात. गावच्या अध्यक्षाने लिमातल्या बहिणीला काय विचारलं, हे संध्याकाळपर्यंत कोंबड्यांनासुद्धा कळतं. म्हणून मेल्चोरच्या गाडीतून पत्र पाठवतोय. त्याच्या बटाट्याच्या पोत्यांवर एवढासा कागद काही जड व्हायचा नाही.

पाऊस नाही. ऑक्टोबर कोरडा, नोव्हेंबर कोरडा, नाताळात येशूबाळाच्या पाळण्यावर धुळीचा थर. वरच्या शेतातला मका गुडघ्याएवढा झाला आणि उभ्याउभ्या वाळला. लोकांनी बैल विकायला काढलेत. आणि आता अख्खं गाव एकच बोलतंय, की हे सगळं त्या खांबामुळे.

खांब म्हणजे तुमच्या ऑफिसने वर उश्नुकोचा तळ्याच्या बांधावर रोवलाय तो. तळं फुटलं तर गावाला सावध करायला वाजायचा तो भोंगा, अँटेना आणि पाऊस मोजायचं ते पत्र्याचं भांडं. दोन वर्षांपूर्वी तो उभा राहिला आणि दोन वर्षं पावसाने तोंड दाखवलेलं नाही. तेओफिलामावशी सभेत म्हणाली, "तुझ्या ताटातले घास कुणी रोज मोजत बसलं, तर तुझ्या घशाखाली जेवण उतरेल का रे? मग ढगाने तरी का उतरावं?" सगळे हसले. मीही हसलो. पण हसता हसता अर्ध्यांनी माना डोलावल्या.

त्यात ऑगस्टच्या जत्रेचा राग आहेच. मिरवणूक भर रस्त्यात, आणि वरून भोंगा किंचाळला. संताची पालखी तिथेच टाकून लोक पोरंबाळं घेऊन डोंगरावर पळाले. म्हातारा विल्फ्रेदो पडला, कंबरेचं हाड मोडलं, महिन्याभरात गेला. पाण्याचा थेंबही आला नव्हता. तुमचे साहेब येऊन सांगून गेले, बॅटरीत ओल गेली होती. बस. विल्फ्रेदोच्या बायकोला साधं "चुकलं आमचं" म्हणाले नाहीत.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सभा आहे. खांब ठेवायचा की पाडायचा. माझ्या शब्दाला अजून थोडी किंमत आहे, पण मी काय बोलू? मी पाचवी पास. तू सहा वर्षं विद्यापीठात घालवलीस. आई अजून खाली नदीकाठच्या घरातच आहे, तळं फुटलं तर पहिलं दार तिचं. वर ये म्हटलं तर म्हणते, "तुझा बाप मला इथे घेऊन आला, मी इथूनच जाईन." तेव्हा मला दाखव, नेलिदा. नुसतं सांगू नकोस, दाखव. खांब पाऊस अडवत नाही आणि तळं फुटू शकतं, हे तुम्हाला कशावरून कळलं?

तुझा दादा,
फोर्तुनातो


लिमा, २६ जानेवारी

दादा,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग संताप आला. पत्र्याचं भांडं पाऊस अडवतं! हे ऑफिसात कुणाला सांगायचीही लाज वाटते.

तू म्हणतोस दाखव. काय दाखवू? समुद्राचं पाणी तापलंय म्हणून तुमच्याकडे पाऊस नाही, हे समजायला समुद्राची, वाऱ्याची, पन्नास वर्षांच्या नोंदींची माहिती लागते. माझंसुद्धा यातलं निम्मं ज्ञान उसनं आहे. मी बर्फ आणि तळी शिकले. समुद्राचं मला समुद्रवाले सांगतात आणि मी मानते, कारण त्यांनी त्यात आयुष्य घातलंय. डॉक्टरने पोटावर हात ठेवून ऑपरेशन सांगितलं तर तू सभा भरवतोस का? ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांनी हात वर करून ठरवायची ही गोष्टच नाही. तेओफिलामावशीला म्हणावं, तू आपले बटाटे सोल.

वरचं बर्फ मागे सरतंय, तळं वाढतंय आणि कड्यावरचं बर्फ सुटं होतंय. ते तुटून पाण्यात पडलं तर लाट बांधावरून येईल. सोबत अहवाल पाठवतेय. त्यावर तीन पीएच.डी.वाल्या डॉक्टरांच्या सह्या आहेत. सभेत तोच वाचून दाखव आणि विषय संपव. आईला वर घेऊन जा, उचलून न्यावं लागलं तरी चालेल.

नेलिदा


रुरीचाका, ८ फेब्रुवारी

नेलिदा,

विषय संपला. तुला हवा तसा नाही.

मी अहवाल वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर लोक जांभया द्यायला लागले, चौथ्यावर मलाच कळेना मी काय वाचतोय. कुणीतरी ओरडलं, "ते राहू दे अध्यक्ष, बहिणीने काय लिहिलंय ते वाच!" कागद हातात होता. मी वाचत गेलो आणि ओ की ठो पाशी पोचलो. तिथे थांबायला हवं होतं, पण सगळ्यांचे डोळे माझ्यावर. थांबलो असतो तर म्हणाले असते, काहीतरी लपवतोय. म्हणून बटाट्यांसकट सगळं वाचलं. तेओफिलामावशी बाकावरून उठली आणि एवढंच म्हणाली, "माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर ही." मग काय विचारतेस, नेलिदा. सभा पेटली.

तरी मी तुझी बाजू सोडली नाही बरं का. सभेआधी मी खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जाऊन आलो होतो. तिकडे खांब नाही, भांडं नाही, आणि तिकडेही मका वाळलेला. हे मी सांगितलं. लोक म्हणाले, "अँटेनाचा आवाज तिथवर पोचत असेल." मी म्हटलं, मग समुद्रापर्यंतही पोचत असेल! पण तोवर कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

आणि वर तो रेडिओवरचा वकील बेनिग्नो. तो रोज सकाळी बोंबलतो की तळ्याचं भय हा सरकारचा पैसे खायचा धंदा आहे. परवा त्याने कुणी म्हातारा भूगर्भवाला डॉक्टर आणला होता. तोही म्हणाला, बर्फ आधीही मागे गेलंय, पुन्हा पुढे येईल, काही होत नाही. आता तूच सांग. तुझे तीन डॉक्टर, त्याचा एक. त्यालाही कागद आहे, त्याच्याही नावामागे अक्षरं आहेत. तू म्हणतेस जाणकारावर विश्वास ठेव. ठेवतो ना! पण कुठल्या? खरा कोण, खोटा कोण हे ओळखायला मला आधी डॉक्टर व्हावं लागेल. तुझ्या पत्रात याचं उत्तर नव्हतं. त्यात नुसतं नाकाने कांदे सोलणं होतं.

हात वर झाले. खांब पाडायचा ठरला. खरं सांगतो, माझाही हात वर गेला. अख्खी सभा एका बाजूला आणि मी तुझा ओ की ठो घेऊन दुसऱ्या बाजूला, हे मला झेपलं नाही.

कार्निव्हल झाल्यावर पहिल्या शनिवारी फाएना आहे, अख्ख्या गावाने मिळून काम करायचा दिवस. शिट्टी वाजली की घरटी एक माणूस, पहार आणि दोर घेऊन वर. तोवर अजून वेळ आहे. माणसांना कळेल असं एक पत्र लिही. मी पुन्हा सभा बोलावतो. लवकर लिही.

फोर्तुनातो

आई म्हणते, पोरीला म्हणावं जेवत जा वेळेवर.


लिमा, १५ फेब्रुवारी

दादा,

तू ते वाचलंस! सगळं! अरे, ते तुला लिहिलं होतं, तुला एकट्याला. दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. मग रात्री झोप लागेना. तेओफिलामावशीने मला पहिलं भाजलेलं कणीस खाऊ घातलं होतं रे. तिला सांग, नेलिदाची जीभ झडली.

तू विचारलंस खरा कोण ते कसं ओळखायचं. मी मैत्रिणींना विचारलं, साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "त्यांनी ओळखायची गरज काय? त्यांनी सूचना पाळायच्या." मला तेव्हा त्यांच्या तोंडून माझंच पत्र ऐकल्यासारखं वाटलं.

म्हणून आता तुम्हाला स्वतःला पाहता येईल असंच सांगते. बाबा जत्रेत बर्फाचा गोळा विकायचे. बर्फ आणायला पहाटे गाढव घेऊन निघायचे आणि सकाळच्या न्याहारीपर्यंत परत. तेव्हा बर्फ कुठवर होतं, हे गावातला प्रत्येक म्हातारा सांगेल. आज त्याच जागी कोण उभं राहू शकतं? तिथे आता पाणी आहे. ते पाणी म्हणजेच तळं. बाबा जिथे कुऱ्हाड मारायचे तिथे आज होडी चालेल. यासाठी कुणाची सही लागत नाही. आणि वर बघ, कड्यावरचं बर्फ खालून पोकळ झालंय. घडवंचीचा एक पाय काढला तर ती किती दिवस उभी राहील, एवढाच प्रश्न आहे.

त्या वकिलाच्या डॉक्टरला एकदा विचारा, तू उश्नुकोचाला शेवटचा कधी गेलास? आमचे साहेब दर वर्षी जातात. उद्धट आहेत, पण जातात.

पण खांब पाऊस अडवत नाही, हे मला असं दाखवता येत नाही. ते तुला माझ्या शब्दावर मानावं लागेल. मला माहीत आहे, माझा शब्द सध्या फार स्वस्त झालाय.

मला रजा मिळत नाही, नाहीतर मीच आले असते. दादा, ती फाएना थांबव. नाहीच थांबली, तर आईला वर ने. तेवढं तरी कर.

तुझी,
नेलिदा


रुरीचाका, २ मार्च

नेलिदा,

तुझं पत्र फाएनाच्या दुसऱ्या दिवशी हातात पडलं. कार्निव्हलमध्ये मेल्चोर चार दिवस शुद्धीवर नव्हता, पत्र त्याच्या गाडीत सीटखाली पडलं होतं. त्याला कानफटात मारली. त्याने काय होणार?

खांब पाडला. दोर बांधून, सगळ्यांनी मिळून, हय्या म्हणत. बायकांनी वर चिचा, आपली मक्याची दारू, आणली होती. आणि नेलिदा, ऐक आता. आम्ही अर्ध्या वाटेवर उतरलो होतो आणि पाऊस सुरू झाला. शिंतोडे नव्हेत, चांगला धो धो. लोक चिखलात नाचले. मला खांद्यावर घेतलं. तेओफिलामावशीने माझ्या तोंडाला लाल माती फासली आणि म्हणाली, "लिही तुझ्या बहिणीला!"

म्हणून लिहितोय. काय म्हणतात तुझे तीन डॉक्टर? मीच, जो खिंड ओलांडून जाऊन आलो, मीसुद्धा त्या रात्री अंथरुणात पडून विचार करत होतो, की च्यायला, खरंच असेल तर? डोळ्यांनी बघितलं ते खोटं कसं मानायचं?

पण तुझं पत्र वाचलं आणि एकटाच वर गेलो. बाबांच्या बर्फाची जागा शोधली. त्यांनी दगडावर क्रूस कोरला होता ना, तो सापडला. क्रूसासमोर पाणी, आणि पाण्यापलीकडे, फार लांब, बर्फ. आणि वर कडा. कड्याकडे बघत मी मागे मागे सरलो गं. शपथेवर सांगतो, मला कुणी शिकवलं नसतं तरी भीती वाटली असती.

खांब परत उभा करणं आता शक्य नाही, लोक मला तिथेच गाडतील. म्हणून मी दुसरी तोड काढलीये. तळ्यावर पाळीपाळीने दोघेजण राखणीला. गारांचे ढग फोडायला आणलेले दारूचे बाण देवळात पडून आहेत, त्यातले दोन जुडगे त्यांच्याकडे. बर्फ पडलं, पाणी हललं, की बाण सोडायचे. आवाज थेट नदीपर्यंत येतो. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. बाण ऐकले की देवळाच्या टेकडीवर पळायचं. बॅटरी नको, साहेब नको. कसं वाटतं तुला? खरं सांग, यावेळी मी फक्त तुलाच विचारतोय.

आई येत नाही. तिच्या मेंढ्या व्यायल्यात, कोकरं टाकून कुठे येऊ म्हणते.

फोर्तुनातो


लिमा, ९ मार्च

दादा,

खांब गेला हे वाचून रडले. मग बाणांचं वाचलं आणि जरा जीवात जीव आला.

पावसाचं आधी. त्याच दिवशी पलीकडच्या खोऱ्यातही पाऊस झाला का, ते विचारून बघ. त्यांनी कुठलाच खांब पाडला नव्हता. तू एकदा त्यांच्या वाळलेल्या मक्यापर्यंत चालत गेलास, आता त्यांच्या ओल्या शेतापर्यंत जा.

बाणांची कल्पना चांगली आहे. मी मनापासून सांगतेय, तुझं मन राखायला नाही. मी नकाशावर अंतर काढलं. एवढ्या लांब दारूचा बाण ऐकू येतो, दरीत आवाज घुमतो, तो आणखी मोठा होईल. दोघांपैकी एक झोपला तर दुसरा जागा राहील. भोंग्याइतकं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा फार बरं. बाण कोरडे ठेवा. साहेबांना सांगितलं तर ते हसले. हसू देत.

मला बरं वाटलं दादा, की तू स्वतः जाऊन बघितलंस आणि स्वतः काहीतरी केलंस. मी तुला अडाणी समजले, त्याची मला लाज वाटते.

आईला सांग, जेवते वेळेवर.

नेलिदा


रुरीचाका, १७ एप्रिल

नेलिदा,

तू मातीला येऊन गेलीस आणि आपण दोघं एक शब्द बोललो नाही. तू साहेबांच्या गाडीतून उतरलीस, शवपेटीवर डोकं ठेवलंस आणि त्याच गाडीत बसून गेलीस. मीही तुझ्याकडे बघितलं नाही. आता लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला हे आवरत नाही.

ती दुपार अशी होती. आभाळात ढग होते, काळे नव्हे, नुसते भरून आलेले. आम्ही वरच्या शेतात घेवडा खुरपत होतो. वरून बाण सुटले. एक, मग तीन-चार, मग सगळेच. राखणीला सबिनो होता आणि त्याचा मेहुणा. त्यांनी चूक केली नाही. बर्फाचा कडा तुटताना त्यांनी पाहिला आणि हातात होते तेवढे सगळे बाण सोडले, बोटं भाजेपर्यंत.

आणि गावाने ते ऐकले. सगळ्यांनी ऐकले. पण एप्रिलमध्ये, ढग भरून आलेले असताना, बाणांचा आवाज आला की आपल्याकडे माणूस काय करतो, नेलिदा? तू इथेच वाढलीस. वरच्या शेतावर कुणीतरी गारा फोडतंय म्हणून प्रत्येक जण आपापलं आवरायला घरात पळतो. तेच झालं. बायकांनी वाळत घातलेलं आत नेलं, पोरांना आत ओढलं, दारं लावून घेतली. सभेत माना डोलावलेली माणसं ही! आणि मी, ज्याने हा हुकूम काढला, मीसुद्धा आधी आभाळाकडे बघितलं आणि घेवड्यावर पोतं टाकायला धावलो. मग गडगडाट ऐकू आला आणि तेव्हा कळलं. मी वरून ओरडलो. कुणाला ऐकू जाणार होतं?

नदीकाठची घरं राहिली नाहीत. अकरा माणसं. आई पुलापाशी सापडली, ते तू पाहिलंसच.

आता गाव माझ्याकडे बघतं. तेओफिलामावशीचा धाकटा त्या अकरांत आहे, आणि मी आलो की ती चुलीकडे तोंड फिरवते. तुमचं ऑफिस म्हणतंय, नवा खांब उभारू. मेच्या पहिल्या रविवारी त्यासाठी सभा आहे. अर्धं गाव म्हणतं, उभारा. अर्धं म्हणतं, भोंगा असता तरी काय झालं असतं, देवाच्या मनात आलं ते झालं.

म्हणून मला तुला एकच विचारायचं आहे. भोंगा असता तर आई वाचली असती का? बर्फ पडल्यापासून पाणी तिच्या दारात येईपर्यंत तिला टेकडीवर पोचता आलं असतं का? तू हे शिकलीस. तुमच्याकडे यंत्रं आहेत, गणितं आहेत. मला अहवाल नको. हो किंवा नाही, एवढंच लिही. तू खोटं लिहिलंस तरी मला ते कळायचं नाही, हे मला माहीत आहे. सुरुवातीपासून मला याचीच भीती होती. तरी तुलाच विचारतोय, कारण दुसरं कुणी नाही.

फोर्तुनातो


लिमा, २५ एप्रिल

दादा,

नाही.

ऑफिसात सगळं पुन्हा मांडून पाहिलं. पाणी आम्ही हिशेबात धरलं होतं त्याच्या कितीतरी पट वेगाने आलं. बर्फ पडलं आणि जवळपास लगेच लाट नदीकाठाला पोचली. भोंगा वाजला असता, बाण वाजले, घंटा वाजली असती, काही उपयोग नव्हता. आईला उंबऱ्याबाहेर पाय टाकायलाही वेळ नव्हता. कुणालाच नव्हता.

तेव्हा खांब पाडला म्हणून, बाण ठरवले म्हणून, कुणी स्वतःला दोष देऊ नये. सोबत हेच ऑफिसच्या कागदावर लिहून पाठवतेय, शिक्का आणि सहीसकट. सभेत वाच. तेओफिलामावशीला नीट ऐकू जाईल असं वाच. त्यांना तुझ्याकडे असं बघायचा काही अधिकार नाही.

दादा, रात्री झोपत जा. घेवडा काढून झाला का? माझ्या वाटणीचं शेत तूच कर, मला काही नको.

तुझी,
नेलिदा


रुरीचाका, ८ मे

नेलिदा,

सभा झाली. तुझा कागद मी वाचला नाही.

वाचणार होतो. शर्टाच्या खिशात घालून निघालोही होतो. आठवडाभर त्या कागदावर मी झोपलो गं, लहान पोरासारखा. तुझं ते "नाही" एवढं मऊ होतं. पण सभेआधी देवळात मृतांसाठी मिस्साची प्रार्थना होती, आणि तिथे हिलारिया भेटली. नदीपलीकडच्या उतारावर तिचं घर, ते वाचलं. ती आईबद्दल बोलायला लागली, रडत होती, मी नुसतं हूं हूं करत होतो.

ती म्हणाली, बाण उडाले तेव्हा तुझी आई अंगणात होती. तिने डोळ्यांवर हात धरून आभाळ बघितलं. मग मेंढ्या गोठ्यात हाकल्या. एक मेंढी ऐकेना, तिच्यामागे ओढ्यापर्यंत गेली, धरून आणली. मग कोकरं एकेक करून पदराखाली धरून आत नेली. वाळत घातलेली लोकर गोळा केली. मग पलीकडून हिलारियाला हात केला, तू पण आत जा म्हणून. आणि मग दार लावलं. पाणी त्यानंतर आलं.

देवळाची पायवाट आईच्या दारातूनच निघते, नेलिदा. गुडघे दुखत असतानासुद्धा ती रोज संध्याकाळी दिवा लावायला वर जायची. उंबऱ्याबाहेर पाय टाकायला वेळ नव्हता म्हणतेस? ती सगळा वेळ उंबऱ्याबाहेरच होती.

तू का लिहिलंस ते मला कळतं. मी रागावलो नाही. तुझ्या जागी मीही तेच लिहिलं असतं, आणि शिक्का असता तर शिक्काही मारला असता. पण तो कागद मी सभेत वाचला असता तर काय झालं असतं, याचा विचार केलास का? लोक म्हणाले असते, भोंग्याचा काही उपयोगच नव्हता ना, मग आता कशाला हवा? आणि कड्यावर अजून बर्फ आहे. सबिनो वर जाऊन बघून आला, जेवढं पडलं त्याहून जास्त लटकतंय. माझ्या एकट्याच्या झोपेसाठी तू पुढच्या अकरांना बुडवत होतीस.

म्हणून मी उठून सांगितलं. वेळ होता. भोंगा असता तर आवाज वेगळा असता, गारांचा आहे असं कुणाला वाटलं नसतं, आणि माझी आई टेकडीवर असती, तेओफिलामावशीचा धाकटाही असता. खांब पाडायला मी हात वर केला होता. बाण मी ठरवले होते. तेओफिलामावशीने विचारलं, "हे तुला लिमावालीने लिहून दिलं का?" मी म्हटलं, नाही, हे मला आईच्या मेंढ्यांनी सांगितलं.

खांब उभारायचा ठरला. सगळे हात वर गेले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून अध्यक्षपदाची काठी काढून घेतली, तेव्हाही तेच सगळे हात वर गेले. मावशीचा सगळ्यात आधी. घरी येताना वाटेत कुणी माझ्यासोबत चाललं नाही.

मला अजूनही तो अहवाल कळत नाही. समुद्र तापला की आपल्याकडे पाऊस का पडत नाही, तेही कळत नाही. ते मला कधीच कळणार नाही आणि ते तुमच्यावरच सोडावं लागेल, हे मी मानलंय. पण सोडायचं म्हणजे तुमच्या शब्दावर सोडायचं ना? यावेळी हिलारियाने बघितलं म्हणून मला कळलं. पुढच्या वेळी तू खरं सांगत असशील, तेव्हा ते खरं आहे हे मी कशावरून ओळखू?

खांब लावायला ऑफिसने तुझ्याऐवजी दुसरा इंजिनिअर पाठवावा, असं मी नव्या अध्यक्षाला सांगितलंय. त्याने तसं कळवलंही आहे. तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही, दुसरा का हवा ते त्यात लिहिलेलं नाही.

तू ये. चाळिसाव्या दिवशी आईच्या थडग्यावर क्रूस लावायचा आहे, घरचं माणूस लागतं. मेल्चोरच्या गाडीने ये, साहेबांच्या नको. जेवायला मी करीन. तळ्याबद्दल मला काही सांगू नकोस.

फोर्तुनातो